चातुर्मासात झालेला अल्बम: खानदेशातल्या एका सिंथपॉप बँडचं प्रकरण

हे प्रकरण जळगाव-धुळे पट्ट्यातल्या तिघांच्या बँडचं आणि त्यांच्या पहिल्या अल्बमचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत; बँडचं, अल्बमचं, गाण्यांचं नाव कुठेही दिलेलं नाही. ध्वनिमुद्रण आणि मिश्रणाच्या (मिक्सिंगच्या) कामात मी त्यांच्यासोबत होतो, आणि तिघांनी हे वाचून होकार दिल्यावरच ते मांडतो आहे. खानदेशात अहिराणी गाण्यांचा धंदा जोरात चालतो, सतत नवी गाणी येत असतात. पण आठ गाणी एका सूत्रात बांधून स्वतःच्या हिमतीवर अल्बम काढायचा तर काम कुठे अडतं, कोणता निर्णय कधी घ्यावा लागतो, हे कुणी लिहून ठेवत नाही. पुढच्या पोरांच्या हाती ते लागावं म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

गायिका यावल तालुक्यातली, घरात लेवा गणबोली, म्हणजे लेवा समाजाची बोली. जळगावात एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते. गाणी तीच लिहिते. ऑर्गनवाला (इथे कीबोर्डला ऑर्गनच म्हणतात) धुळे जिल्ह्यातला, अहिराणी बोलणारा, लग्नाच्या बँडवाल्या घरातला. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, काकांच्या मालकीची बँडची गाडी, आणि हा कॉलेजात असल्यापासून त्या गाडीवर उभा. तिसरा जळगावचा इंजिनिअर. संगणकावर बीट बांधणं आणि ध्वनिमुद्रण त्याच्याकडे. त्याला पुढे प्रोग्रामर म्हणतो.

सिंथपॉप म्हणजे गिटार आणि ड्रमऐवजी सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर उभं राहिलेलं, तरीही सहज गुणगुणता येईल असं गाणं. १९७० च्या दशकाच्या शेवटी ही वाद्यं सामान्य पोरांच्या आवाक्यात आली आणि १९८१ च्या आसपास इंग्लंडात हा प्रकार घराघरांत पोचला. तो पोचवणाऱ्यांतले बरेच जण लंडनबाहेरचे होते. ह्यूमन लीग पोलादाच्या शेफील्डचे, डेपेश मोड महायुद्धानंतर वसवलेल्या बॅसिल्डन या गावचे. प्रोग्रामरला हे तोंडपाठ होतं; जळगावात हे का करायचं असं कुणी विचारलं की तो हेच सांगायचा. चरणजित सिंग यांचंही उदाहरण तो द्यायचा. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँड कंपनीची सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यंत्रं घेऊन रागांवर अख्खी रेकॉर्ड केली. तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली.

मला मात्र याहून जवळचं एक कारण दिसतं. खानदेशाला सिंथेसायझरची ओळख करून द्यावी लागत नाही. वरातीच्या गाडीवर ऑर्गन, ऑक्टापॅड, कर्णे आणि माइक घेतलेला गायक हे इथल्या कोणत्याही गावात लग्नसराईतलं नेहमीचं चित्र आहे. रोलँडचा एक्सपीएस-१० हा कीबोर्ड त्या गाड्यांवर सर्रास दिसतो आणि त्यातली शहनाई, बासरी पोरासोरांच्या कानात बसलेली आहे. म्हणजे या बँडचा मुख्य आवाज लोकांना आधीपासून माहीत होता, फक्त तो अल्बममध्ये ऐकायची सवय नव्हती. या गोष्टीचं वजन तिघांना फार उशिरा कळलं.

अडचण

२०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे अकरा गाण्यांचे कच्चे मसुदे होते, आणि ऐकणारे कोण याची तीन वेगवेगळी चित्रं. गायिकेच्या डोळ्यांसमोर तिच्यासारख्या मुली होत्या: गावातून शहरात आलेल्या, फोनवर एकट्याने गाणी ऐकणाऱ्या. प्रोग्रामरला पुण्या-मुंबईतले स्वतंत्र संगीत ऐकणारे हवे होते. ऑर्गनवाल्याला वरातीत वाजेल असं काहीतरी हवं होतं. हा प्रश्न तिघांनी एकत्र बसून कधी सोडवला नाही. एकमेकांना दुखवायला नको म्हणून. त्यामुळे पुढे भाषा, आवाज, मिश्रण, प्रकाशन या प्रत्येक टप्प्यावर तोच वाद वेगळ्या रूपात उभा राहिला. प्रकरणाचं मूळ इथे आहे असं मी मानतो.

भाषेचा निर्णय

पर्याय तीन होते. प्रमाण मराठीत गायलं तर ते सगळ्यांना समजेल, पण मसुद्यांतला जिवंतपणा जाईल, हे पहिल्या तालमीतच ऐकू येत होतं. सगळं अहिराणीत करायचं तर श्रोता तयार होता. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या भाषागटात, ज्यात अहिराणीही येते, साडेअठरा लाखांच्या आसपास लोक मोजले आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही, तरी गाण्यांच्या बाजारात तिचा दबदबा आहे. पण गायिकेची घरची बोली अहिराणी नव्हती. बाहेरच्यांना सगळं खानदेश एकच वाटतं. यावल-रावेरच्या लेवा घरातलं बोलणं आणि धुळ्याकडचं बोलणं यांतला फरक इथल्या माणसाला दोन वाक्यांत कळतो. उसनी अहिराणी गायली असती तर ती लगेच पकडली गेली असती.

मध्येच चौथा विचार आला: बहिणाबाईंची एखादी कविता घ्यावी. त्यांचं माहेर आसोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर, आणि बोलीही गायिकेच्या घरची. कायद्याचीही आडकाठी नव्हती. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यांची गाणी १९५२ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, आणि मरणोत्तर प्रकाशित साहित्यावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे त्या पहिल्या संग्रहातल्या कविता २०१२ अखेर मुक्त झाल्या. तरी गायिकेने नकार दिला. तिचं म्हणणं असं की पहिल्याच अल्बमवर बहिणाबाईंचं नाव आलं तर आपल्या शब्दांकडे कुणी बघणार नाही. मला तो नकार योग्य वाटला आणि आजही वाटतो.

शेवटी ठरलं ते असं: ज्याचं गाणं त्याच्या बोलीत. पाच गाणी लेवा बोलीत, दोन अहिराणीत, एक प्रमाण मराठीत, आणि तीन मसुदे बाजूला. अहिराणीतल्या दोन गाण्यांचा मुखडा गायिकेचा होता, पण अंतरे ऑर्गनवाल्याच्या आत्याने ओट्यावर बसून अक्षरशः नव्याने बांधून दिले. यमकं तिची, ओळींची तोड तिची. प्रकाशनाच्या वेळी तिचं नाव ‘विशेष आभार’मध्ये गेलं. हे बरोबर झालं नाही. ते पुढे दुरुस्त झालं, त्याबद्दल नंतर सांगतो.

खोली, ऊन आणि वीज

जागा मिळाली ती जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्याच्या वरची खोली. भाडं परवडणारं, रात्री कुणाला त्रास नाही. पण खाली यंत्रं सुरू असली की प्रत्येक ट्रॅकमागे ५० हर्ट्झची घरघर यायची. त्यांनी आधी ती संगणकात फिल्टर लावून कापायचा प्रयत्न केला. त्यात बासचा खालचा भरही जाऊ लागला. मग वीजतंत्र्याला बोलावून खोलीचं अर्थिंग वेगळं केलं, साध्या केबल काढून घरघर न पकडणाऱ्या बॅलन्स्ड केबल आणि त्यांना वाद्य जोडणारे डीआय बॉक्स घातले. उरलेली कुरबुर कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला मुद्रण करून टाळली. खर्च थोडा, फरक मोठा. नवीन खोली घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी अर्थिंग तपासावं, माइक नंतर घ्यावा.

उन्हाची गोष्ट वेगळी. प्रोग्रामरने हौसेने एक जुना अ‍ॅनालॉग सिंथ घेतला होता. अशा वाद्यात सूर व्होल्टेजवर ठरतो आणि आतले भाग तापले की तो सरकतो. ज्या वाद्यांत सुराला अंकीय घड्याळाचा आधार असतो ती इतकी हलत नाहीत, पण हे त्यातलं नव्हतं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याखालच्या त्या खोलीत तो एका गाण्याच्या सुरुवातीला सुरात असायचा आणि शेवटाला नसायचा. कूलर लावला तर त्याचा आवाज माइकमध्ये यायचा आणि दमटपणा वाढायचा. एसीचा खर्च झेपणारा नव्हता. तो सिंथ विकून सगळं सॉफ्टवेअरवर करावं असं प्रोग्रामरच एकदा म्हणाला. शेवटी तो फक्त दोन गाण्यांपुरता ठेवला आणि मुख्य काम पावसाळ्यावर ढकललं.

पावसाळाच का, याचं खरं कारण हवामान नव्हतं. लग्नसराईत ऑर्गनवाला कुणाच्याच हाती लागत नाही. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नं नसतात, तेव्हाच बँडवाल्यांना उसंत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा झाला: २९ जून ते २३ नोव्हेंबर. हा जास्तीचा महिना मिळाला नसता तर अल्बम त्या वर्षी पुरा झालाच नसता. खानदेशातल्या कोणत्याही बँडने कामाचं वेळापत्रक मांडताना पंचांग समोर ठेवावं, हे मी कुणालाही सांगेन.

याच काळात एक्सपीएस-१० वरून मोठा वाद झाला. प्रोग्रामरला त्यातली शहनाई स्वस्त वाटत होती; ‘वरातीचा आवाज’ अल्बममध्ये नको, असा त्याचा हट्ट. ऑर्गनवाला एरवी कमी बोलणारा, पण त्या दिवशी म्हणाला की हा आवाज काढलात तर मी या अल्बममध्ये नक्की कुठे आहे ते मला दाखवा. तडजोड म्हणून तिसऱ्या गाण्याच्या मुखड्यानंतरची धून त्या शहनाईवर ठेवली, बाकी ठिकाणी ती काढली. पुढे लोकांनी उचलली ती हीच धून.

आजीचा आवाज

अल्बममधलं शेवटचं गाणं आखाजीचं. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गौराईची, माहेराची गाणी म्हणतात. २०२३ च्या आखाजीला ऑर्गनवाल्याने अमळनेर तालुक्यातल्या त्याच्या आजीला असंच गाताना फोनवर टिपलं होतं. सगळ्यांना ते गाणं अल्बममध्ये हवं होतं. कसं, याचे चार मार्ग होते: गायिकेने ते नव्याने गावं, फोनवरचं तसंच घ्यावं आणि कुणाला विचारू नये, जे सर्रास चालतं, आजीला काही रक्कम देऊन मोकळं व्हावं, किंवा तिचं नाव घालून तिला वाटा द्यावा.

पहिला मार्ग करून पाहिला. गायिका चांगली गायली, पण आजीच्या गाण्यातली धाप आणि मध्येच झोक्यामुळे लांबणारा सूर तिच्यात नव्हता. मग प्रोग्रामर चांगला माइक घेऊन गावी गेला. माइक दिसल्यावर आजी सावरून बसली आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणू लागली. तेव्हा फोनवरचं मूळच वापरायचं ठरलं. बँडच्या गटात फिरलेली प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्यामुळे दाबली गेली होती. जुन्या फोनमधली मूळ फाइल शोधून डॉक्युमेंट म्हणून मागवली, तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला.

आजीला हे समजावणं हा या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. ती म्हणाली, “मना आवाज तुमले कसाले जोयजे?” नातवाने तिला सगळं सांगितलं: गाणं कुणा एकाचं नाही, पण तुझं गाणं म्हणणं तुझं आहे. कायदाही तसाच आहे. पारंपरिक गाण्याच्या शब्दांवर कुणाचा हक्क नसला तरी ते सादर करणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून हक्क असतो आणि तो ५० वर्षं चालतो. तिघांनी त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून येणाऱ्या पैशाचे चार समान वाटे केले, एक आजीचा. साध्या कागदावर लिहिलं, तिला अहिराणीत वाचून दाखवलं, घरातल्या दोघांनी साक्षीला सह्या केल्या. तिची एकच अट होती: नाव लिहाल तर माहेरच्या गावासकट लिहा. तसंच लिहिलं.

तांत्रिक प्रश्न त्यानंतर. तिचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी होता. आवाज संगणकात ओढून जवळच्या पट्टीवर आणणं सोपं. प्रोग्रामरने ते केलंही. ऐकल्यावर तिघेही गप्प झाले, कारण ती आजी वाटत नव्हती. मग उलट केलं. सिंथच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये सेंटचे (सुराच्या बारीक भागांचे) आकडे बदलत सगळी वाद्यं तिच्या सुरावर आणली. लयीचंही तेच: तिची ओळ कापून ठेक्यात बसवण्याऐवजी तिच्या प्रत्येक मात्रेवर खूण करून संगणकाचा ठेका तिच्या मागे चालवला. काम चौपट झालं. पण ड्रम मशीनसारखी काटेकोर वस्तू एका म्हातारीच्या श्वासाप्रमाणे हळू-जलद होते, हे ऐकताना जे वाटतं ते या अल्बममध्ये दुसरीकडे कुठेही वाटत नाही.

गाडीवरची चाचणी

मिश्रण संपलं तोवर कार्तिकी उलटली होती आणि लग्नं सुरू झाली होती. हेडफोनवर आणि प्रोग्रामरच्या मॉनिटरवर सगळं उत्तम वाजत होतं. ऑर्गनवाल्याने एका दुपारी काकांच्या गाडीवर दोन गाणी लावली. काका ऐकून म्हणाले, “धून चांगली शे, पन तुना ऑर्गन कोठे गया?”

ते खरंच होतं. गाडीवरची यंत्रणा मोनो असते, म्हणजे डावी-उजवी बाजू एकच. पॅडचा, म्हणजे ऑर्गनच्या मागे लांबत राहणाऱ्या सुरांचा, आवाज रुंद वाटावा म्हणून डावीकडे आणि उजवीकडे उलट्या फेजमध्ये (एका बाजूची लहर वर तेव्हा दुसरीची खाली) पसरवला होता; दोन्ही बाजू एकत्र आल्या की त्या एकमेकांना खोडतात आणि आवाज नाहीसा होतो. फोनच्या एका स्पीकरवरही कमी-अधिक हेच घडलं असतं. पाच गाण्यांचं मिश्रण पुन्हा करावं लागलं. पॅडचा कणा मधोमध ठेवला, रुंदी वरच्या थरापुरती ठेवली.

मास्टरिंगच्या, म्हणजे मिश्रणानंतरच्या शेवटच्या टप्प्याच्या, वेळी आवाज किती मोठा ठेवायचा हा प्रश्न आला. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या एकाच पातळीला आणून ठेवतं, त्यामुळे तिथे रेटून मोठं केलेल्या मास्टरचा फायदा नसतो, चढउतार मात्र मरतात. गाडीवर असं काही नसतं. शेजारचं गाणं मोठं असेल तर आपलं फिकं पडतं. दोन मास्टर करावेत असं मी सुचवलं, आणि पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं. एक ऐकायला, एक वाजवायला.

कुणाकडून काढायचा

प्रस्ताव दोन आले. एक गाण्यांचा स्थानिक व्हिडिओ चॅनल एकरकमी पैसे द्यायला तयार होता. रक्कम खर्चाच्या जवळपास जाणारी होती. बदल्यात सगळे हक्क कायमचे, आणि प्रत्येक गाण्याला नाचाचा व्हिडिओ. दुसरा प्रस्ताव पुण्यातल्या एका लहान लेबलचा: पैसे नाहीत, वाटा आहे, पण एक वर्ष थांबा आणि निम्मी गाणी प्रमाण मराठीत करा. तिसरा पर्याय स्वतःच वितरकामार्फत, म्हणजे अ‍ॅपवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, सगळीकडे टाकायचा.

चॅनलचा करार मी वाचला. त्यात ‘लेखक व संगीतकाराचा पुढील कोणताही मोबदला राहणार नाही’ असं कलम होतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा असं होऊ देत नाही: ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि संगीताच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा लेखक-संगीतकाराला सोडून देता येत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. हे सांगितल्यावर चॅनलच्या माणसाने शांतपणे सांगितलं की इथे सगळे हाच कागद सही करतात. ऑर्गनवाल्याला पैशाची गरज होती, आणि त्याच्या जागी कुणीही असतं तर सही केली असती. तरी तिघांनी नकार दिला, कारण त्या करारात आजीचा कागद कुठेच बसत नव्हता.

स्वतः काढायचं ठरल्यावर दोन लहान अडचणी आल्या. वितरकाच्या अर्जात भाषांच्या यादीत अहिराणी नव्हती, म्हणून सगळी गाणी मराठी म्हणून गेली. आणि एका गाण्यातला विकत घेतलेला ढोलाचा लूप (तयार ठेक्याचा तुकडा) आणखी कुणीतरी वापरलेला निघाल्याने यूट्यूबवर हक्काचा दावा आला. असे लूप सगळ्यांना वापरायला मोकळे असतात, म्हणून ते असलेलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवायचंच नसतं. ती नोंद काढली, दावा मिटला.

प्रकाशन आणि प्रतिसाद

फेब्रुवारी २०२४ मध्ये आठही गाणी एकाच दिवशी आली. अमळनेरला २ ते ४ फेब्रुवारीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं; त्या गर्दीत बोलीतल्या गाण्यांकडे लक्ष जाईल अशी गायिकेची आशा होती. तसं झालं नाही. लोक पुस्तकांसाठी आणि परिसंवादांसाठी आले होते. कार्यक्रमही करता आला नाही, कारण ऑर्गनवाला रोज रात्री वरातीत. पुण्या-मुंबईतल्या काही जाणकारांनी मनापासून कौतुक केलं. मात्र त्यांतल्या बहुतेकांनी ‘खानदेशी सिंथपॉप’ या नवलाईवरच बोट ठेवलं, गाण्यांबद्दल कमी बोलले. घरच्या प्रदेशातून दोन तक्रारी आल्या: यावर नाचता येत नाही, आणि ही अहिराणी नाही. दुसरी तक्रार लेवा बोलीतल्या गाण्यांबद्दल होती. वर्णनात कोणतं गाणं कोणत्या बोलीत ते लिहिलेलंच नव्हतं. एका ओळीने ती नाराजी टळली असती.

एप्रिलमध्ये लोकसभेचा प्रचार सुरू झाला आणि इथल्या स्पीकरच्या गाड्या, ऑर्गनवाले, गायक सगळे प्रचारगीतांत गुंतले. जळगाव, रावेर आणि नंदुरबारला १३ मे रोजी मतदान होतं. त्याच्या तीन दिवस आधी, १० मेला, आखाजी आली, आणि आजीचं गाणं आपोआप फिरू लागलं. बँडने काही केलं नव्हतं. सासरहून आलेल्या मुलींनी आपल्या आईला ऐकवलं, आईने बहिणीला पाठवलं, असं ते गेलं. त्याच सुमारास ऑर्गनवाल्याच्या ओळखीच्या दोन बँडगाड्यांनी तिसऱ्या गाण्यातली शहनाईची धून वरातीत घेतली. ती वाजली की लोक नाचत होते. ज्या गाण्यावर नाचता येत नाही म्हणून तक्रार होती, त्यातलीच ही धून.

खरा धक्का श्रोत्यांच्या आकडेवारीने दिला. अ‍ॅपच्या कलाकार-पानावर शहरवार यादीत सर्वात वर जळगाव नव्हतं, धुळे नव्हतं, पुणेही नव्हतं. सुरत होतं. कापडाच्या धंद्यामुळे खानदेशातली हजारो कुटुंबं उधना-लिंबायत भागात पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, हे तिघांनाही माहीत होतं. प्रत्येकाचे नातेवाईक तिथे आहेत. पण ऐकणारे कोण यावरच्या एवढ्या वादात सुरतचं नाव कुणी घेतलं नव्हतं. ही माणसं गायिकेच्या मनातल्या मुलींसारखी घरापासून दूर होती, ऑर्गनवाल्याच्या वरातीत नाचणारीही होती. बँडचा पहिला पूर्ण कार्यक्रम २०२४ च्या श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या दिवसांत सुरतेलाच झाला. लग्नं नव्हती, तिघेही मोकळे होते. शेवटच्या गाण्याला समोरच्या बायका आजीच्या ओळी तिच्याआधी म्हणत होत्या.

पैशाचं सांगायचं तर अल्बमने खर्च भरून दिला नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याची रॉयल्टीच मिळत नाही. आठांपैकी पाच गाणी त्या रेषेच्या खाली राहिली. सुरतेच्या कार्यक्रमाचं मानधन आणि त्यानंतर आलेली आमंत्रणं यांतून मात्र खोलीचं भाडं सुटलं.

काय वेगळं करता आलं असतं

प्रकाशनाचा क्रम. आठही गाणी एकदम टाकल्याने मूठभर श्रोते आठ ठिकाणी विभागले गेले. आखाजीच्या महिनाभर आधी एकच गाणं, मग लग्नसराईच्या शेवटाला शहनाईच्या धूनचं गाणं, आणि पूर्ण अल्बम चातुर्मासात, असा क्रम असता तर जास्त गाण्यांनी हजाराची रेषा ओलांडली असती असं मला वाटतं. प्रोग्रामर याच्याशी सहमत नाही. अल्बम सलग ऐकला जावा म्हणूनच तो केला, तुकडे करून टाकायचा तर करायचाच कशाला, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं मी खोडू शकत नाही. दोन उद्दिष्टं वेगळी आहेत आणि त्यांनी त्यातलं एक निवडलं.

गाडीवरची चाचणी मिश्रणाआधी व्हायला हवी होती. काकांची गाडी चातुर्मासभर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभीच होती. पहिल्या कच्च्या मिश्रणालाच ती उघडली असती तर पाच गाणी दुसऱ्यांदा करावी लागली नसती.

आत्याचं नाव. आखाजीनंतर गाणी फिरू लागली तेव्हा तिच्या गावातल्या बायकांनी तिला विचारलं, तू बांधलेलं गाणं आहे ना? तेव्हा बँडच्या लक्षात आलं. वितरकाकडे नोंद बदलून ती दोन्ही अहिराणी गाण्यांची सहगीतकार झाली आणि गीताच्या रॉयल्टीतला अर्धा वाटा तिच्या नावे लागला. आजीसाठी जो कागद आधी झाला, तो आत्यासाठी नंतर झाला. कारण आजीचा आवाज ऐकू येत होता आणि आत्याचं काम ओळींत मुरलेलं होतं. लोकगीताचा आधार घेणाऱ्या प्रत्येक बँडने गाणी मुद्रित होण्याआधी एक यादी करावी: कुणी काय दिलं, कोणत्या ओळी कुणाच्या.

संस्थेची नोंदणीही उशिरा झाली. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसचे सभासद ते सुरतेच्या कार्यक्रमानंतर झाले. गाड्यांवर धून वाजण्याचा हिशेब तसाही कुठे लागत नाही, पण बाकीचं तरी सुरुवातीपासून नोंदलं गेलं असतं.

दुसऱ्या कामासाठी तिघांनी चार गाणीच घेतली आहेत, कारण २०२४ चा चातुर्मास नेहमीसारखा चार महिन्यांचा होता. चारही गाण्यांचे कागद मुद्रणाआधी झाले. एका गाण्यात सुरतेतली एक मावशी आहे. तिचं गाणं टिपायला तिघेही गेले होते, आणि यावेळी माइक न दाखवता आधी दुपारभर गप्पा मारल्या.